राजनावाची वाट पाहणारं गाव

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळचे राजे कोण होते हे आता कोणालाच आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्या काळी लोकांना राजाशिवाय दुसरं काही आठवत नसे.

एका खाडीच्या अलीकडे मिठागरांचं गाव होतं आणि पलीकडे राजधानी. राजवाडा अगदी पाण्यावर ओणवलेला होता. ओहोटी लागली की मधली वाळूची पुळण उघडी पडायची आणि माणसं चालत पलीकडे जायची. भरती आली की ती वाट बुडायची. गावातलं शेंबडं पोरही पाण्याकडे एकदा बघून सांगायचं, आता निघा किंवा आता थांबा.

गाव प्रभू येशूला मानणारं होतं. टेकडीवर लहानसं चर्च होतं, चर्चला एक घंटा होती आणि म्हातारे पाद्रीबाबा होते. रविवारी सगळं गाव गुडघे टेकायचं आणि मनापासून गायचं. सोमवारी सकाळी मात्र दवंडीवाला यायचा, आणि सगळं गाव त्याच्याभोवती असं जमायचं, की पाद्रीबाबांनाही दोन पावलं मागे सरकावं लागायचं.

"ऐका हो ऐका! राणीसाहेबांना डोहाळे लागले! आंबट चिंच मागितली!"

दुपारपर्यंत गावात चिंच उरायची नाही.

"ऐका हो ऐका! राजबाळ जन्माला आलं! राजबाळाने डावी कूस घेतली!"

त्या रात्री बायका आपल्या लेकरांना डाव्या कुशीवर निजवायच्या. उजव्या कुशीवर शांत झोपणारी लेकरं रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. तरी बायका म्हणायच्या, "रडू दे. राजाचं पोर झोपतंय ना तसं?"

हसू येतं ना? पण थांबा, याहून मोठी गंमत पुढे आहे, आणि तिचं हसू येणार नाही.

त्या राज्यात एक रीत होती. राजघराण्यात मूल जन्मलं, की त्या वर्षी जन्मलेल्या लेकरांना तेच नाव द्यायचं. मुलगा असो वा मुलगी, शेवटचं अक्षर जरा वाकवायचं की झालं. राजनावाच्या लेकरांना मिरवणुकीत पुढे उभं राहायला मिळे. राजवाड्याच्या सज्जातून त्यांच्यावर साखरफुटाणे उधळले जात. त्यामुळे दरबारातून नाव येईपर्यंत गावातली बाळं बिननावाची राहत. त्यांना बाळ म्हणत, सोन्या म्हणत, ठकी म्हणत. पूर्वी नाव महिन्याभरात येई, म्हणून कोणाचं काही अडत नसे.

या वेळी नाव आलं नाही. दरबारात वाद लागला. आजोबांना एक नाव हवं होतं, मामांना दुसरं. शेजारच्या राजाला राग येऊ नये म्हणून तिसरं पुढे आलं. नाव ठरल्याशिवाय राजबाळाचं तोंड कोणाला दाखवायचं नाही, असाही नियम होता. पावसाळे आले, गेले. राजबाळ चालू लागलं, बोलू लागलं. दरबार वाद घालत राहिला. आणि इकडे गावात लेकरं नावाशिवाय धावत होती, पडत होती, भांडत होती. एक आई दारात उभी राहून "बाळा!" म्हणाली, की आळीतली सगळी बाळं एकदम मागे बघायची.

त्या गावात एक बाई होती. मिठागरात राबायची, टोपलीतून मीठ विकायची, म्हणून सगळे तिला मीठवाली म्हणत. तिचं खरं नाव तिची आई गेल्यापासून कोणी घेतलं नव्हतं. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, धडधाकट, टाहो फोडणारी. तिची थोरली नणंद त्यांच्याच घरात राहत असे. तिने बाळाला पाहिलं मात्र, आणि मिठागरांच्या बांधावरून धावत सुटली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली, "पोरगी झाली हो! पोरगी जगली!" धावता धावता तिला नाव सुचलं. परत येऊन ती बाळाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "सुवार्ता."

नाव ठेवायचा मान आत्याचाच. पण मीठवालीने बाळ झटकन जवळ ओढलं.

"वन्सं, कानात काही बोलू नका. राजनाव यायचंय."

"अगं, देवाने एवढी तान्ही जिवंत हातात दिली. आता राजाची कसली वाट बघतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं खरंच. मी आपली अडाणी आत्या. माझ्याकडे साखरफुटाणे नाहीत."

मीठवालीचा नवरा भला माणूस होता. या दोघींच्या मध्ये बोलायचं नाही, एवढं शहाणपण त्याला फार लवकर आलं होतं. तो जाळ्याची गाठ सोडवत बसला. गाठ सुटलेली होती, तरी सोडवत बसला.

मीठवाली पाद्रीबाबांकडे गेली. "बाबा, बाप्तिस्मा जरा थांबवा. राजनाव आलं की घेऊन येते."

पाद्रीबाबा पायरीवर ऊन खात बसले होते. ते म्हणाले, "बाई, राजाच्या घरी पाळणा हलला याचा आनंद मलाही आहे. लेकरू कोणाचंही असो, देवाचीच देणगी. पण आपला प्रभू कुठे जन्मला ते आठव. गोठ्यात. राजवाडा दोन-तीन कोसांवर होता, पण तिकडे कोणी देवदूत फिरकला नाही. बातमी गेली ती रानातल्या मेंढपाळांकडे. नावही देवाने दरबाराला विचारून ठेवलं नाही. एका सुताराला आणि त्याच्या मंडळीला सांगितलं, बस्स."

"ते खरं, बाबा. पण प्रभूची गोष्ट वेगळी." मीठवालीने टोपली पायरीवर टेकवली. "मला अख्ख्या गावात नावाने कोणी ओळखत नाही. टोपली दिसली की मीठवाली. टोपली नसली की कोणीच नाही. माझ्या पोरीला सगळं राज्य ओळखू दे. सज्जातून एकदा तरी कोणी तिच्याकडे बघू दे."

पाद्रीबाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बघणारा आत्ताही बघतोय," ते म्हणाले. पण त्यांनी जास्त ताणलं नाही. आईच्या मनाविरुद्ध लेकराला पाणी लावणारा तो माणूस नव्हता.

मुलगी मोठी होत गेली. आत्या हट्टी होती. ती सुवार्ता म्हणूनच हाक मारायची. मग मीठवालीने मुलीला समोर बसवून शिकवलं, "हे बघ, आत्या त्या नावाने बोलावते ना, तर ओ द्यायची नाही. ते तुझं नाव नाही. तुझं मोठ्ठं नाव यायचंय."

"कधी?"

"येईल."

"आज?"

"येईल म्हटलं ना!"

मुलगी गुणी होती. आत्याने "सुवार्ता!" म्हटलं, की ती दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरायची. डोळे मात्र हसायचे. आत्या म्हणायची, "बरं बाई, नको देऊस. मला माहीत आहे तुला ऐकू येतं." आणि पदराने डोळे पुसत कामाला लागायची. मीठवाली हे बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची.

आणि मग एकदाची दवंडी आली.

"ऐका हो ऐका! राजबाळाचं नाव ठरलं! उद्या सकाळी सज्जातून राजबाळाचं पहिलं दर्शन! तिथेच नाव पुकारलं जाईल!"

गावात कोणी नीट जेवलं नाही. सकाळी ओहोटी लागताच सगळं गाव पुळणीवर उतरलं. थंडीचे दिवस होते, आकाश पांढुरकं होतं. मीठवालीने मुलीला नवं परकर-पोलकं नेसवलं होतं, केसांना तेल चोपडलं होतं. राजधानीतली जागा राजधानीच्या लोकांनी आधीच धरली होती, म्हणून गाव सज्जाच्या समोर ओल्या वाळूवरच उभं राहिलं.

"राजबाळ गोरं आहे म्हणतात."

"सावळं आहे. माझ्या मावसभावाच्या साडूने बघितलंय."

"साडूने बघितलंय! तो साडू काय राजवाड्यात पाळणा हलवतो?"

"गप्प बसा गं! पडदा हलला!"

सज्जाचा पडदा हलला होता. वाऱ्याने. पुन्हा हलला, पुन्हा वाऱ्यानेच. सूर्य वर चढला, पण धुक्यामागे त्याची नुसती पांढरी चकती दिसत होती. आत्या मुलीच्या पलीकडे उभी होती. ती म्हणाली, "वहिनी, पाणी फिरायची वेळ झाली."

"थोडं थांबा."

"अगं, पाणी राजाला विचारून येत नाही."

"वन्सं, चार वर्षं थांबले मी! आता पडदा उघडेल आणि मी पाठ फिरवू?"

त्या वाळूवर सगळे मिठागरवाले उभे होते. भरतीवर ज्यांचं पोट चालतं, असे सगळे. आणि सगळ्यांची पाठ समुद्राकडे होती.

पडदा तिसऱ्यांदा हलला. या वेळी गर्दीतून आरोळी उठली, "आलं! आलं!" सगळे पुढे धावले. मीठवालीने टाचा उंचावल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "इकडे! माझी पोर इकडे आहे!" दोन्ही हात वर. म्हणजे पोरीचा हात सुटला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सज्जावर कोणी आलं नाही. आलं ते धुकं. समुद्रावरून दाट, कापसासारखं लोळत आलं आणि राजवाडा, पडदा, शेजारचं माणूस, सगळं पुसून गेलं. त्यापाठोपाठ घोट्याला गार पाणी लागलं.

"भरती!" कोणीतरी किंचाळलं.

मीठवालीने खाली पाहिलं. पोर नव्हती.

"बाळा!" ती ओरडली. "बाळा, कुठे आहेस?"

"बाळा!" उजवीकडून दुसरी आई ओरडली. "बाळा! बाळा!" डावीकडून, मागून, सगळीकडून. धुक्यात नुसत्या आयांच्या हाका, आणि प्रत्येक हाक सारखीच. लेकरं एका आवाजाकडे धावायची, मग दुसऱ्याकडे वळायची, मग मध्येच उभी राहून रडायची. मीठवालीच्या मांडीला एक चिमणं शरीर येऊन बिलगलं. तिने झडप घालून उचललं. तो कोणाचा तरी मुलगा होता, जावळ काढलेला. तिने त्याला छातीशी धरलं, टाकणार तरी कसं? आणि त्याला घेऊन ती पुन्हा ओरडत सुटली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

मग धुक्यातून आत्याचा आवाज आला. घोगरा, फाटलेला.

"सुवार्ता! सुवार्ता गं!"

अख्ख्या पुळणीवर तेवढी एकच हाक वेगळी होती. ती एकाच लेकराची होती.

पण उत्तर आलं नाही.

पोर वाहून गेली म्हणून उत्तर येत नाही, असं मीठवालीला क्षणभर वाटलं. मग तिला कळलं, आणि ते कळणं पाण्याहून गार होतं. पोर ऐकत असेल. इथेच कुठेतरी दोन्ही ओठ दातांखाली दाबून उभी असेल. आईने सांगितलंय ना, ओ द्यायची नाही.

जे नाव तिने आजवर एकदाही घेतलं नव्हतं, ते तिच्या पोटातून वर आलं.

"सुवार्ता!" ती ओरडली. "सुवार्ता, मी आई! मी बोलावतेय!"

क्षणभर नुसतं पाणी वाजलं. मग अगदी जवळून, कमरेइतक्या उंचीवरून, एक भिजलेला आवाज आला.

"आई, ओ देऊ का?"

"दे गं माझे बाई! दे! दे!"

"ओ!"

"पुन्हा दे!"

"ओ! ओ! ओ!"

त्या आवाजाचा माग धरत मीठवाली पाण्यातून गेली. होडी बांधायच्या एका खुंटाला मिठी मारून पोर उभी होती. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. आईने एका काखेत परक्याचं मूल आणि दुसऱ्या काखेत आपलं, असं दोघांना उचललं. तेवढ्यात टेकडीवरून घंटा वाजू लागली. धुकं बघून पाद्रीबाबांनी दोर धरला होता. आत्याने पुढे होऊन मीठवालीच्या पदराचं टोक मुठीत पकडलं आणि दोघी घंटेच्या दिशेने चालत सुटल्या.

त्या दिवशी देवाची फार मोठी कृपा झाली. प्रत्येकाने हाताला लागेल ते लेकरू उचललं होतं. हे आपलं नाही म्हणून कोणी कोणाला पाण्यात सोडलं नाही. काठावर पोचल्यावर कळलं, की जवळजवळ कोणाच्याच कडेवर स्वतःचं मूल नाही. मग चर्चच्या पायऱ्यांवर अदलाबदल सुरू झाली. "हा घ्या तुमचा." "अगं, ही माझी! नाक बघ ना, माझंच नाक." माणसं रडत होती आणि हसत होती. एकही लेकरू कमी नव्हतं.

मीठवाली मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ओली, कुडकुडत. तिने आत्याकडे पाहिलं.

"वन्सं, चुकले मी."

"चुकलीस. आता पोरीला कोरडं काहीतरी घाल, मग काय ते चुकत बस." आत्याने आपली शाल पोरीभोवती गुंडाळली. मग खाली वाकून तिने हळूच हाक मारली, "सुवार्ता?"

पोरीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"ओ," पोर म्हणाली.

आत्या इतकं रडली, की पाद्रीबाबांना प्रार्थना सुरू करायला थांबावं लागलं.

त्याच दुपारी चर्चमध्ये रांग लागली. गावातल्या सगळ्या आत्यांना एकदम महत्त्व आलं. कोणी लेकराला आजीचं नाव दिलं, कोणी पणजोबांचं, कोणी आपल्याला आवडलेलं. सगळी नावं वेगळी होती. पाद्रीबाबा प्रत्येकाच्या कपाळावर पाणी लावत होते आणि नाव मोठ्याने उच्चारत होते. शेवटी ते मीठवालीकडे वळले आणि म्हणाले, "आणि हिची आई." मग त्यांनी तिचं खरं नाव घेतलं. त्यांना ते ठाऊक होतं. मीठवालीला वाटत होतं, की हे नाव फक्त मेलेल्या आईलाच माहीत होतं. पण ते जिथे घ्यायचं तिथे रोज घेतलं जात होतं. पाद्रीबाबा पहाटेच्या प्रार्थनेत गावातल्या एकेका माणसाचं नाव देवापुढे घेत, आणि ते देवाला नवीन नसतंच. तिला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं ती सज्जाकडे मान वर करून उभी होती, आणि तिची मान किती दुखत होती हे तिला आत्ता कळलं.

पुढच्या सोमवारी दवंडीवाला आला. राजबाळाचं नाव त्याने पुकारलं. ते इतकं लांब होतं, की मध्ये त्याला पाणी प्यावं लागलं. लोकांनी नाव ऐकलं. "देव त्या लेकराचं भलं करो," म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, आणि आपापल्या कामाला गेले.

मीठवालीने त्याला तांब्या भरून पाणी आणून दिलं आणि विचारलं, "अरे दादा, एवढ्या लांब नावाने राणीसाहेब पोराला जेवायला कशा बोलावतात?"

दवंडीवाला इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "बाई, कोणाला सांगू नका. त्यांना बोलावू देतं कोण? ते दरबाराचं लेकरू. जेवायला दाई नेते. राणीसाहेब खिडकीतून बघतात."

मीठवाली रिकामा तांब्या घेऊन घरी आली. आजवर त्या राणीचा तिला हेवा वाटायचा. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा तिच्यासाठी प्रार्थना केली. गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, तू आम्हाला एवढं दिलंस आणि आम्ही दुसऱ्याच्या सज्जाकडे बघत बसलो. तुझे उपकार कसे फेडू? एक कर. त्या बिचारीलाही तिच्या लेकराला पोटभर हाक मारू दे."

मग ती उठली आणि चुलीवरची भाकरी उलटायला गेली.

तेव्हापासून त्या गावात मूल जन्मलं, की येणाऱ्या पहिल्याच रविवारी त्याचं नाव ठेवतात. राजघराण्यात पाळणा हलला तर घंटा वाजवून आनंद करतात, आणि मिठागरात पाळणा हलला तरी तीच घंटा, तितकीच वाजवतात.

बोध: जगाने ओळखावं म्हणून आपलं आणि आपल्या लेकरांचं आयुष्य थांबवून ठेवू नका, देव प्रत्येकाला नावानिशी ओळखतो, आणि त्याहून मोठी ओळख कोणत्याही सज्जातून मिळत नाही.